ओरोबाईंचा शेरा

थेस्सालोनिकीत उन्हाळाभर आमचं थिएटर उघड्यावर चालतं.
वर आकाश, बाजूला लोकांच्या गॅलऱ्या,
वाळत घातलेल्या चादरी,
पायाखाली अंगणभर संगमरवरी फरशा
आणि त्यांच्यावर भोपळ्याच्या खारवलेल्या बियांची टरफलं,
जी मी रोज रात्री दीडला झाडतो.
प्रोजेक्टर मीच चालवतो. तिकिटंही मीच फाडतो.
फाटकाजवळच्या फळ्यावर प्रत्येक सिनेमाबद्दल
खडूने दोन ओळी, त्याही माझ्याच.

त्या आठवड्यात छळछावणीवरचा एक सिनेमा होता,
बक्षिसं मिळालेला, तीन तासांना दहा मिनिटं कमी.
ओरो कापोन तिसऱ्या रांगेत, कडेला.
वय चौऱ्याऐंशी.
पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली,
आता कुणी मागायला येणार असल्यासारखी.

संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला?
विचारायला नको होतं. पण सवय.

"बर्फ फार स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.
"आणि ते व्हायोलिन काढून घ्या रे कुणीतरी त्यांच्याकडून.
कुठे रडायचं ते माझं मला कळतं.
आणि सगळे एकच भाषा बोलतात,
ढकलणारेही, ढकलले जाणारेही.
आम्ही घरात लादिनो बोलायचो, बाजारात ग्रीक.
तिथे हुकूमच कळायचा नाही.
आधी मार बसायचा, मग अर्थ लागायचा.
ती गंमत हुकली यांची."
गंमत. हाच शब्द वापरला त्यांनी.

"आणि तो भला अधिकारी.
असेलही. असतो एखादा.
पण त्याच्या मनाची घालमेल चाळीस मिनिटं,
आणि माझ्या आईसारखी दिसणारी ती,
तिला नावसुद्धा नाही.
शेवटच्या यादीत थांबून बघितलं मी.
'डब्यातली बाई, दुसरी'."

पर्समधून रुमाल काढला.
डोळ्यांना नाही लावला, चष्मा पुसला.

"एक जागा मात्र जमलीय.
घर सोडताना ती मुलगी परत आत जाते.
वाटतं, बाहुली आणेल, फोटो आणेल.
ती भिजत घातलेल्या हरभऱ्यांचं पाणी बदलते.
झाकण ठेवते. येते.
बस्स. व्हायोलिनवाल्यालासुद्धा काही सुचलं नाही तिथे.
हे लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगितलं असणार.
असलं काही बसल्या जागी सुचत नाही."

मग उठल्या.
फाटकापर्यंत सरळ चौदा पावलं, पण त्या सरळ जात नाहीत.
खांबाजवळची एक फरशी टाळून
लहान मुलीसारखं वळसा घालून जातात.
अकरा उन्हाळे बघतोय.
मला वाटायचं, गुडघा.

त्या रात्री झाडून झाल्यावर
फरशीवर बादलीभर पाणी ओतलं,
टॉर्च जमिनीलगत आडवा धरला.
अक्षरं उठून आली,
उजवीकडून डावीकडे जाणारी,
मधोमध आमच्या गिऱ्हाइकांनी झिजवलेली.

आजोबांना फरशी स्वस्तात मिळाली होती,
एवढंच घरात सांगायचे.
कुठून, ते ना कुणी सांगितलं, ना मी विचारलं.
विद्यापीठाच्या जागी आधी कुणाची कबरस्तानं होती
तेही शाळेत नव्हतं.
अख्ख्या गावाची अळीमिळी गुपचिळी,
आणि त्यावर तीन पिढ्या आम्ही सिनेमे दाखवले.

सकाळी तुळशीची कुंडी आणून ठेवली तिथे.
तासाभराने उचलली.
कुणाचा पाय पडू नये म्हणून ठेवली होती,
पण कुणाला दिसूही नये असंच झालं होतं ते.

फळ्यावर नेहमीपेक्षा एक ओळ जास्त लिहिली:

बर्फ खोटा, व्हायोलिन जास्त.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला हरभऱ्यांकडे बघा.
अंगणात जपून चाला.